टाचेची तोंडी परीक्षा

डॉक्टरबाईंनी दिशाची डावी टाच अंगठा आणि बोटांच्या चिमटीत धरली, हापूस पिकलाय का बघतात तशी दोन्ही बाजूंनी दाबली, दिशा ओरडली आणि मी हसलो. क्रम असाच होता. दाबली, ओरडली, हसलो. ओरडण्यात आणि हसण्यात एवढं कमी अंतर होतं की बाहेर बाकावर बसलेल्या पेशंटांना ते एकाच माणसाचं वाटलं असेल. दिशाची आई, हेमांगीताई, तेव्हा भिंतीवरच्या सांगाड्याच्या तक्त्याकडे बघत होत्या. डॉक्टरबाई टाचेकडे बघत होत्या. फक्त दिशा माझ्याकडे बघत होती, कारण अकरा वर्षांचं पोर ओरडताना ओळखीचा चेहरा शोधतं आणि तिला माझा सापडला. मी लगेच खोकलो. पण हसण्यावर चढवलेला खोकला खोकल्यासारखा वाटत नाही. ती बघत राहिली. मग डॉक्टरबाईंनी उजवी टाच हातात घेतली आणि तिला पुन्हा ओरडावं लागलं, त्यामुळे तो विषय तेवढ्यापुरता मागे पडला.

"घाबरण्यासारखं काही नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "या वयात टाचेच्या हाडाचा मागचा तुकडा अजून जोडलेला नसतो. मधे कूर्चा असते. पोटरी नेमकी तिथेच ओढते. मुलं जास्त धावली, उड्या मारल्या, की ती जागा दुखावते. चौदा-पंधराव्या वर्षी हाड जुळतं आणि दुखणं आपोआप जातं. दुखत होतं हेही लक्षात राहत नाही. तोवर एकच औषध. दुखलं की थांबायचं." मग त्यांनी विचारलं, "किती धावते ही?" हेमांगीताई अभिमानाने सांगू लागल्या. शाळेत आठवड्यातून तीन दिवस. आमच्या बॅचला सहा दिवस. संध्याकाळी गच्चीवर दोरीच्या पाचशे उड्या. रविवारी कुठे टीशर्ट वाटणारी शर्यत असली तर ती. डॉक्टरबाई कागदावर बेरीज करत होत्या. बेरीज झाल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. "ही मुलगी आहे की टपाल खातं?" मला हे वाक्य आवडलं. मी ते बॅचमध्ये वापरायचं ठरवलं. तीन आठवडे धावणं पूर्ण बंद, त्या म्हणाल्या, बुटात टाचेखाली मऊ गादी, बर्फाचा शेक, पोटरी ताणायचे दोन व्यायाम. "तीन आठवड्यांनी आणा. मी अशीच दाबून बघेन. दुखलं नाही तर निवड चाचणीचं फिटनेस सर्टिफिकेट देते. दुखलं तर देणार नाही."

मी उमंग. वय चोवीस. वसईच्या एव्हरशाईन सिटीत सकाळी सहाला आलोशियस सरांची धावण्याची बॅच भरते, तिथे मी असिस्टंट कोच आहे, म्हणजे शिट्टी वाजवतो, प्लास्टिकचे शंकू मांडतो आणि गोळा करतो. मोकळ्या प्लॉटवर वर्षातले निम्मे दिवस कोणाचा तरी मांडव असतो, तेव्हा आम्ही पोरांना सिमेंटच्या रस्त्यावर पळवतो. आलोशियस सर सत्तरीचे आहेत, ॲक्टिव्हावर बसून बॅचच्या बाजूने जातात आणि दर फेरीला "गुडघा वर, बाबा, गुडघा वर" म्हणतात. पंचवीस वर्षांत त्यांना गुडघ्याच्या खाली काही असतं असं बोलताना कोणी ऐकलेलं नाही. या वर्षी त्यांनी मला सांगितलं होतं, "उमंग, ही आचोळ्याची पोरगी जर क्रीडा वसतिगृहात लागली ना, तर सकाळची बॅच तुझी. मी थकलो, बाबा." वसतिगृह सरकारी होतं. राहणं, खाणं, शाळा, बूट सगळं तिथलं. हेमांगीताई वसई पूर्वेला एका गाळ्यात पेनांना टोपणं बसवायचं काम करतात, दिवसाला तीन-चार हजार टोपणं. त्यांच्या दृष्टीने वसतिगृह म्हणजे दिशाच्या हातात कधीच टोपण येणार नाही याची सोय होती. चाचणीला महिना होता.

तर ते हसू. क्लिनिकमधून निघालो आणि स्कूटरवर मी ते तपासत होतो, दातात काही अडकलं की जीभ जशी पुन्हा पुन्हा तिथेच जाते तसं. मला मजा वाटली नव्हती. दिशा मला आवडायची. तिची चाल चांगली होती, ती उद्धट होती, आणि माझ्या विनोदांना हसत नसे, जे मला प्रामाणिकपणाचं लक्षण वाटायचं. मग का? सिग्नलला थांबलो तेव्हा सापडलं. ते हसू सुटकेचं होतं. शाळेत गुरुजी पट्टी घेऊन ओळीतून येतात, आपल्यासमोर थांबतात, आणि मारतात शेजारच्याला, तेव्हा पोटात जे हलकं होतं तेच ते. ती किंकाळी मी ओळखली होती. तिचा सूर, ती जिथे फाटते ती जागा. बारा वर्षांपूर्वी ती माझ्याकडे होती.

आमची वाडी गास गावाच्या बाजूला. केळी, सोनचाफा, कडेला थोडी पानवेल. बाबा, म्हणजे हरेश्वर, सरकारी कचेरीत जायच्या आधी मला वाडीतल्या पाटाच्या कडेकडेने पळवायचे. का पळवायचे हे मला आजही नक्की सांगता येणार नाही. समाजाच्या स्पर्धेत कोणा चुलतभावाच्या मुलाला ढाल मिळाली होती एवढं आठवतं. बाराव्या वर्षी माझ्या टाचा दुखायला लागल्या. सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला की फरशीतून खिळा वर यायचा. मी चवड्यांवर चालायला लागलो, घरभर, चोरासारखा. आई म्हणाली, पोरगा हळू चालायला शिकला. बाबांना कळलं तेव्हा त्यांनी उपचार सुरू केला. वीट चुलीत तापवायची, विटेवर रुईचं पान ठेवायचं, पानावर माझी टाच, टाचेवर बाबा. दोन्ही हातांनी माझा पाय दाबून धरून ते शंभरपर्यंत मोजायचे. सावकाश मोजायचे. "लागला तं लागला," ते म्हणायचे, "हाड वाढतंय. वाढताना आवाज करायचा नाय." कधी साठ-सत्तरच्या सुमाराला चाफा घ्यायला गिऱ्हाईक यायचं. बाबा हात न काढता त्याच्याशी बोलायचे, फुलं किती, पाऊस कसा, अमक्याचं लग्न कुठे ठरलं. गिऱ्हाईक गेलं की ते आठवायचा प्रयत्न करायचे, नाही आठवलं की माझ्याकडे बघायचे. मी सत्तर म्हणायचो. "खोटं," असं म्हणून ते एकपासून सुरू करायचे. मी खरंच सत्तर असताना सत्तर म्हणत होतो.

त्या वर्षी अशाच एका निवडीला आम्ही विरारला गेलो होतो. मी रडलो. धावून झाल्यावर रडलो असतो तर चाललं असतं, मी धावायच्या आधी रडलो, रांगेत, नंबर लावलेला. गळ्यात शिट्टी असलेल्या एका माणसाने मोठ्याने विचारलं, "हा कोणाचा पोरगा?" बाबा माझ्यापासून चार हातांवर उभे होते. त्यांनी डावीकडे पाहिलं. उजवीकडे पाहिलं. मग शेजारच्या माणसाला विचारलं, "कोनाचा हाय ओ?" शेजारच्याने खांदे उडवले. दोघांनी मिळून थोडा वेळ माझा बाप शोधला. ही गोष्ट मी मित्रांमध्ये सांगतो तेव्हा लोक पोट धरून हसतात. मी ती चांगली सांगतो. शेजारच्या माणसाची मान मी फार छान हलवतो. घरी येताना बाबा पुढे चालत होते आणि मी चवड्यांवर मागे, आणि आगाशीच्या नाक्यावर त्यांनी स्वतःसाठी पोह्यांत कालवलेलं भाजक्या कोंबडीचं भुजिंग घेतलं आणि माझ्यासाठीही घेतलं, आणि आम्ही ते तिथेच उभ्याने खाल्लं. ही बाजू मी सांगत नाही. तिच्यात हसण्यासारखं काही नाही.

सिग्नल सुटला तोपर्यंत माझ्या डोक्यात सगळं तयार झालं होतं. डॉक्टरबाईंनी पेपर फोडला होता. प्रश्न एकच, तोही आधी सांगितलेला, तारीखही दिलेली. "अशीच दाबून बघेन." आमच्याकडे नालासोपाऱ्यापासून विरारपर्यंत प्रत्येक इमारतीच्या तळमजल्यावर एक क्लास आहे. प्रश्न माहीत असताना त्याची तयारी न करणं हे आमच्याकडे कोणाला सुचलंच नसतं. तीन आठवडे ती नुसती बसली असती तर कदाचित टाच खरंच बरी झाली असती, हे मला कळत होतं. पण बसून बरं होणं याला तयारी म्हणत नाहीत.

दुसऱ्या दिवशी बॅच सुटल्यावर सोसायटीच्या बागेच्या कठड्यावर मी दिशाला बसवलं, तिचा बूट काढला, टाच चिमटीत धरली. "मी दाबणार. तू काही करायचं नाहीस."

"काही म्हंजे?"

"ओरडायचं नाही, पाय ओढायचा नाही, ओठ चावायचा नाही, डोळे मिटायचे नाहीत."

"मंग करू काय?"

"बसायचं."

मी दाबली. तिने मला लाथ मारली, बरगडीत. चांगली बसली. पोटरीत ताकद होती, हाच तर तिचा आजार होता. "दोन मार्क," मी म्हणालो.

"दहापैकी?"

"शंभरपैकी."

तिला हसू आलं नाही, पण राग आला, आणि राग आलेलं पोर शिकतं. "चेहरा कसा ठेवू?" तिने विचारलं. मी म्हणालो, आलोशियस सर प्रजासत्ताक दिनाला भाषण करतात तेव्हा तू कसा ठेवतेस? तिने करून दाखवला. डोळे उघडे, आत कोणी नाही. "हाच," मी म्हणालो. "हाच घेऊन यायचं." पहिल्या आठवड्यात तिला अठरा मिळाले, मग तीस, मग मध्येच नऊ, कारण त्या दिवशी रस्त्यावर पळवलं होतं. होय, पळवत होतोच. आरामाच्या जागी मी हळू धावणं ठेवलं होतं, आणि हळू म्हणजे किती हे ठरवायला आलोशियस सर ॲक्टिव्हावर होते. डॉक्टरबाईंनी सांगितलेला बर्फ रसवंतीवाल्याकडून आणला जायचा आणि पोरं तो खायची. एकदा मी अंगठा रुतवून धरलेला असताना दिशा म्हणाली, तोच सपाट चेहरा, फक्त ओठ हलले, "सर, पन दुखतंय तेवढंच. जास्तच."

"ते सिलॅबसमध्ये नाही."

"म्हंजे?"

"डॉक्टर काय बघणार? चेहरा. दुखणं त्यांना दिसत नाही. जे दिसत नाही त्याचे मार्क नाहीत."

तिने यावर विचार केला. मला तिचा विचार करतानाचा चेहरा बघायचा होता, पण तो आता दिसेनासा झाला होता. मी जोरात दाबलं. काही नाही. अजून जोरात. एक चिमणी कठड्यावर आली आणि गेली. माझ्या अंगठ्याच्या नखाखाली पांढरं पडलं होतं आणि तिच्या चेहऱ्यावर प्रजासत्ताक दिन होता, आणि मला एकाच वेळी अभिमान वाटला आणि तिच्या कानफटात मारावी असं वाटलं. हे दुसरं का वाटलं ते मी तपासलं नाही. "सत्तर," मी म्हणालो, आणि तो आकडा तोंडातून बाहेर पडल्यावर उगाचच आजूबाजूला बघितलं.

हेमांगीताईंना मी फिजिओथेरपी असं सांगितलं होतं. त्यांनी तो शब्द दोनदा म्हणून बघितला. दुसऱ्या दिवशी त्या माझ्यासाठी डबा घेऊन आल्या, तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी. "उमंगसर, तुमी एवढं करता पोरीसाठी, आनि आमी काय देनार तुमाला." मी तिथेच कठड्यावर खाल्लं. ज्या हाताने दाबायचो त्याच हाताने. चटणी उत्तम होती. मी खात असताना त्या माझ्या अंगठ्याकडे बघत होत्या, शिकण्याच्या इराद्याने. "सर, मी पन करू का घरी? तुमी दाबता तसं? तुमचं एकच टाईम होतं ना."

इथे मी नाही म्हणू शकलो असतो. तोंडात घास होता हे खरं आहे. पण घास संपल्यावर मी म्हणालो, "करा. दोन वेळा. जेवणाआधी."

"किती जोरात?"

"टोपण बसवता तेवढं."

त्या हसल्या. मी विनोद केला आहे असं त्यांना वाटलं आणि मलाही आधी तसंच वाटलं. मग दुपारी, घरी, पंख्याखाली पडलो असताना तो विनोद उलगडत गेला. दिवसाला चार हजार टोपणं. वर्षाला किती होतात ते मी मोजायला लागलो आणि सोडून दिलं. त्या बाईचा अंगठा हे यंत्र होतं. आचोळ्याच्या एका खोलीत ती जमिनीवर बसली असेल, लेकीचा पाय मांडीवर घेतला असेल, आधी पदराने तळवा पुसला असेल. डोकं थोपटलं असेल. मग देवाचं नाव घेऊन दाबलं असेल. आणि दिशा आईकडे तो चेहरा करून बघत असेल, जो मी शिकवला, आणि आईला वाटत असेल की गुण येतोय. मी कूस बदलली. मला फोन करून थांबवता आलं असतं. नंबर होता. मी फोन हातात घेतला आणि एक माकड सायकल चालवत होतं तो व्हिडिओ बघितला, मग दुसरं माकड.

तीन आठवड्यांनी आम्ही तिघं पुन्हा क्लिनिकमध्ये गेलो. डॉक्टरबाईंनी डावी टाच धरली आणि दाबली. दिशा बसली होती. नुसती. उजवी दाबली. तक्त्यावरच्या सांगाड्याच्या चेहऱ्यावर जास्त भाव होते. डॉक्टरबाई थांबल्या. त्यांनी पुन्हा डावी धरली आणि या वेळी दाबताना टाचेकडे न बघता तिच्याकडे बघितलं. "दुखतं?"

"नाय."

"गुदगुल्या?"

दिशाने माझ्याकडे बघितलं. हा प्रश्न बाहेरचा होता. आमच्या तयारीत गुदगुल्या नव्हत्या. निरोगी टाच दाबली की पोरं खिदळतात, पाय ओढून घेतात, हे मला माहीत नव्हतं, कारण निरोगी टाच मी कधी दाबलीच नव्हती. एक क्षण असा गेला की त्यात सगळं सुटलं असतं. ती रडली असती, डॉक्टरबाईंनी मला हाकललं असतं, आणि टाचेला महिनाभर सुट्टी मिळाली असती. मी तिला वाचवायला काहीतरी बोलणार होतो, म्हणजे परीक्षेतून वाचवायला. तिने माझी वाट बघितली नाही. ती हसली. खिदळली, पाय ओढून घेतला, "नका ना," म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि गुदगुल्यांनी येतं तसंच ते दिसलं. हेमांगीताईही हसल्या. डॉक्टरबाईंनी हसत शिक्का मारला. त्या खोलीत हसत नव्हतो तो फक्त मी. बाहेर आल्यावर मी म्हणालो, "शंभर." दिशा म्हणाली, "म्हाईत हाय," आणि रिक्षाकडे चालायला लागली, चवड्यांवर, आणि आई म्हणाली, बघा कशी नाचत चाललीय.

चाचणीत तीस मीटर धावायचं होतं, सहाशे मीटर धावायचं होतं, चेंडू फेकायचा होता आणि जागेवरून लांब उडी. तीस मीटरला ती पहिली आली. सहाशेला दुसरी. सगळं अंतर चवड्यांवर. टाच जमिनीला लागूच दिली नाही. एक जाडा पंच दुसऱ्याला म्हणाला, काय सुंदर धावते ही, हरणासारखी, आणि मी तिथे उभा राहून तो अभिमान घेतला. आलोशियस सरांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मग उडी आली. लांब उडी चवड्यांवर मारता येते पण चवड्यांवर उतरता येत नाही. उतरताना पाय पुढे टाकावे लागतात, म्हणजे टाचा. हे मला माहीत होतं. मी कोच आहे. पहिली उडी तिने मुद्दाम आखूड मारली, पंचवीस-तीस सेंटीमीटरनी तरी. ती मागे आली, माझ्याकडे बघितलं. मी काय करायला हवं होतं याची माझ्याकडे आता बरीच उत्तरं आहेत. तेव्हा मी दोन्ही हात पुढे फेकून दाखवले. लांब. अजून लांब.

दुसरी उडी तिने खरी मारली. मी तिच्याकडून एवढी लांब उडी कधी बघितली नव्हती. दोन्ही टाचा एकदम वाळूत बसल्या, आवाज झाला, भरलेलं पोतं टाकल्यासारखा, आणि ती तशीच मागे बसली. मागे बसली म्हणजे माप बुडापासून घेणार, उडी वाया. पंच फीत घेऊन आला, माप घेतलं, म्हणाला, "ऊठ, बाळा." ती बसून राहिली. चेहरा तोच. "लागलं का?" तो म्हणाला. "नाय." "मग ऊठ." "उठते." ती उठली नाही. मागे रांग लागली होती. पंचाला वाटलं ती हट्ट करतेय, मापावर रुसलीय. "नाटक नको करू, तिसरी आहे अजून." ती त्याच्याकडे इतक्या शांतपणे बघत होती की त्याचा आवाज चढला. मी आत शिरून तिला उचललं तेव्हा कळलं की तिचं सगळं अंग थरथरतंय, पातेल्यावरच्या झाकणासारखं, चेहरा सोडून. "सर, कळलं का कोनाला?" तिने माझ्या कानात विचारलं. "नाही," मी म्हणालो. तिच्या मागच्या नंबरची मुलगी प्रत्येक उडीनंतर भोकाड पसरून रडत होती, तिचा बाप वाळूत उतरून तिचे पाय चोळत होता, पंच तिला पाणी देत होते. यादी लागली तेव्हा त्या मुलीचं नाव होतं. दिशाचं नव्हतं.

त्यानंतरचं लवकर सांगता येतं. डॉक्टरबाईंनी या वेळी टाचेला हात लावला नाही. एक्स-रे काढला, दोन्ही पायांना गुडघ्याखाली पट्ट्यांचे जाड बूट दिले, सहा आठवडे. "मी दाबलं तेव्हा दुखत नव्हतं ना?" त्यांनी दिशाला विचारलं. मी खिशात किल्ली घट्ट धरली. "नव्हतं," दिशा म्हणाली. कोणासाठी म्हणाली ते मला कळलं नाही. माझ्याकडे तिने बघितलं नव्हतं. "बरी होईल," डॉक्टरबाई हेमांगीताईंना म्हणाल्या. "पुढे काही राहणार नाही. हे दुखणं मागे काही ठेवत नाही." हेमांगीताई तक्त्याकडेही बघत नव्हत्या, स्वतःच्या अंगठ्याकडे बघत होत्या.  डबा मात्र येत राहिला, दर गुरुवारी, आणि मी तो खात राहिलो. आणि सकाळची बॅच मला मिळाली, दिशा न लागताही, कारण आलोशियस सरांची कंबर धरली. त्यांनी फोनवर आशीर्वाद दिला. "गुडघ्यावर लक्ष ठेव," म्हणाले. त्यांची सात वर्षांची नात, जोआना, त्यांनी माझ्याच बॅचला घातली.

तर आता बॅच माझी आहे. परवा मी पंधरा मिनिटं उशिरा पोचलो. प्लॉटवर मांडव होता. पोरं बागेच्या कठड्याशी होती, आणि आवाज नव्हता, आणि बारा पोरं एकत्र असताना आवाज नसेल तर माणसाने धावत जावं. मी चालत गेलो. पोरं दोन रांगांत समोरासमोर जमिनीवर बसली होती, बूट काढून, प्रत्येकाने समोरच्याची टाच धरलेली. कठड्यावर दिशा बसली होती. पायांत ते जाड बूट, मांडीवर वही. ती आता धावत नाही तर तिला घरी का ठेवायचं, म्हणून हेमांगीताई गाळ्यावर जाताना सोडून जातात. "मेलरॉय, डोळा मिटला. चार," ती म्हणत होती. "दाब ना नीट. लाजते काय." मेलरॉय, नऊ वर्षांचा, काकुळतीने म्हणाला, "दिशादीदी, चीटिंग हाय, ही नखं लावते." "डॉक्टरला पन नखं असतात," दिशा म्हणाली.

"काय चाललंय?" मी विचारलं.

"तयारी," दिशा म्हणाली.

"कशाची? कोणाची चाचणी नाही आता."

"होईल ना कधीतरी."

मी म्हणालो, बंद करा हे, उठा, बूट घाला. कोणी उठलं नाही. ती सगळी माझ्याकडे प्रजासत्ताक दिनाच्या चेहऱ्याने बघत होती, बारा जणं, कमी-अधिक मार्कांची. जोआनाचा चेहरा अजून कच्चा होता, हनुवटी हलत होती. मी पुन्हा म्हणालो, टाच दाबायची नाही, त्याने दुखतं. "सर," दिशा म्हणाली, "तुमचे किती?"

"काय किती?"

"मार्क. तुमी परीक्षा कधी दिलीच नाय. बूट काढा."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी हसून टाळणार होतो, पण हसण्याचं या मुलीसमोर माझं कधीच जमलं नव्हतं. मी बसलो. बूट काढला, मोजा काढला. दिशाने वही बाजूला ठेवून माझा पाय मांडीवर घेतला. तिचा अंगठा गार होता. तो टाचेवर फिरला आणि एका जागी थांबला, मागे, किंचित खाली, नेमकी तीच जागा. मी ती जागा विसरलो होतो. तिने दाबलं.

काही झालं नाही.

तिने दोन्ही अंगठे लावले. कठड्यावरून पुढे झुकून अंगाचा भार टाकला, तिच्या कपाळावर शीर आली, दात एकमेकांवर बसले. ती मार्क देण्यासाठी दाबत नव्हती. ती शोधत होती. आणि मी तिच्याबरोबर शोधत होतो, अगदी मनापासून, आत कुठेतरी खिळा असेल, वीट असेल, शंभराच्या आतला एखादा आकडा असेल. हाड जुळलं होतं. टाचेचा दगड झाला होता, साधा, चांगला. माझ्या लक्षात आलं की मी आता ओरडायला हवं. खोटं तरी. मी ओरडलो, पाय ओढून घेतला, दोन थेंब काढले, तर ही बारा जणं बघतील की सर रडले, आणि उठतील, आणि आपापल्या टाचा घेऊन घरी जातील. एवढंच करायचं होतं. मी तोंड उघडलं. पोरं पुढे वाकली. मी तोंड उघडं धरून बसून राहिलो आणि त्यातून काही आलं नाही, आणि थोड्या वेळाने मी ते मिटलं.

दिशाने अंगठे काढले. तिला धाप लागली होती. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच मला तिच्या चेहऱ्यावर काहीतरी दिसलं, एखादी वस्तू शेवटच्या खणातही मिळाली नाही की दिसतं तसं. मग तेही गेलं. तिने वहीत लिहिलं.

"शंभर," ती पोरांना म्हणाली. "बघितलं? असं बसायचं."

आणि माझा पाय बाजूला ठेवून तिने जोआनाला जवळ बोलावलं.